पंधरावं घर

सप्टेंबरचा तिसरा आठवडा लागला की इन्नासम्मा यादी करायला बसत असे. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. त्या महिनाभर चर्चमधली मरियेची हातभर उंचीची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाई. ज्या घरी ती येई तिथे सगळे जमून माळ, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांची पाच दशकं, म्हणत, मूर्ती त्या घरी मुक्काम करी आणि दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजता त्याच घरची माणसं ती उचलून पुढच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत नेत. देणाऱ्या घरानं न्यायची, घेणाऱ्या घरानं पुढे येऊन हातात घ्यायची. मधे तिसऱ्याचा हात लागायचा नाही. खाणीच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या पहिल्या कुटुंबांनी ही रीत बल्लारपूरजवळच्या या कॉलनीत आणली होती. किती फादर आले आणि बदलून गेले, रीत तशीच राहिली होती.

चर्चनं कॉलनीतल्या कॅथलिक कुटुंबांचे चार गट केले होते. त्यांना सगळे युनिट म्हणत. इन्नासम्मा अकरा वर्षं आपल्या युनिटची प्रमुख होती. खाणीच्या दवाखान्यात आयाचं काम करून ती निवृत्त झाली, नवरा त्याच्या आधीच गेला, मुलगी हैदराबादला नांदत होती. तिच्या युनिटमध्ये सत्तावीस घरं होती. मात्र मागच्या वर्षी मूर्ती सव्वीसच घरी गेली होती, कारण सत्ताविसावं घर तिच्या मुलाचं होतं आणि ते तिनंच वगळलं होतं.

प्रफुल तिचा धाकटा. वय एकतीस, इलेक्ट्रिशियन, चर्चच्या गायकवृंदात की-बोर्ड वाजवणारा. चार वर्षांपूर्वी सिरोंच्याकडून आलेलं स्थळ नाकारताना त्यानं आईला स्पष्ट सांगितलं होतं की तो कोणत्याच मुलीशी लग्न करणार नाही, आणि तसं का हेही सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो मागच्या गल्लीत खोली घेऊन दिनेशबरोबर राहू लागला. दिनेश मुलचेरा तालुक्यातल्या मिशनच्या गावचा, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला, दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला येणारा. कॉलनीला सगळं कळलं होतं. ‘दोस्त हायेत’ असं म्हणून लोक विषय बदलत.

मागच्या वर्षी यादी करताना कोणी काही म्हणायच्या आतच इन्नासम्मानं पंधराव्या क्रमांकावर प्रफुलऐवजी रंभाबाईचं नाव लिहिलं. म्हटलं, उगाच वाद नको. ठरल्या संध्याकाळी शौरय्याच्या घरून मूर्ती निघाली. गल्लीच्या क्रमानं शौरय्यानंतर प्रफुलचं घर होतं, त्यापुढे रंभाबाईचं. प्रफुल आणि दिनेश धुतलेले कपडे घालून, मेणबत्ती पेटवून दारात उभे होते. पाळी आपलीच आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं. चाळीस माणसं गात गात त्यांच्यासमोरून पुढे गेली. सगळ्यांत पुढे इन्नासम्मा होती. तिनं मेणबत्ती पाहिली, आणि गाणं सोडलं नाही.

पुढच्या रविवारपासून की-बोर्डवर कोणी बसलं नाही.

या वर्षी तिनं आधी चौदावं घर ठरवलं. तिथे शौरय्याचं नाव येत होतं. शौरय्या चर्च समितीचा सचिव. तो प्रफुलच्या उंबरठ्यावर मूर्ती नेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं स्वतःचं घर रंभाबाईच्या नंतर, सतरावं. तिनं दोन नावांची अदलाबदल केली. चौदावं घर स्वतःचं. पंधरावं प्रफुलचं. सोळावं रंभाबाईचं. सतरावं शौरय्याचं. मग ती यादी घेऊन फादर सिबींकडे गेली.

फादर सिबी अडतीस वर्षांचे, केरळचे, या कॉलनीत तिसरं वर्ष. मराठी ते पुस्तकातून शिकले होते आणि जपून बोलत. यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि पंधरावर थांबलं.

“इन्नाबाई, हे तुम्ही विचार करून लिहिलं आहे?”

“मागच्या वर्षी इचार न करता खोडलं होतं, फादर. या वर्षी इचार करून लिवलं.”

“लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. तुम्हालाही आहे.” त्यांनी यादी टेबलावर ठेवली. “तुम्ही मला वर्षभर थांबायला सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आता मीच तुम्हाला सांगतो, थांबा. रोमहून मागच्या नाताळच्या आधी पत्र आलं, त्यावरून जगभर वाद चालू आहे. अशा जोडप्याला फादर साधा आशीर्वाद देऊ शकतो, पण तो लग्नासारखा दिसता कामा नये. एवढं लिहिलं तर इतका गोंधळ. आपल्या कॉलनीत काय होईल?”

“मले आशीर्वाद नाई पाह्यजे. मूर्ती पाह्यजे.”

“रविवारी बिशप स्वामी मुलांच्या दृढीकरण संस्कारासाठी येत आहेत,” फादर म्हणाले. “त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर मी तुमच्या मागे उभा राहीन.”

“आन नाई म्हणले तर?”

फादरांनी यादीची घडी घालून तिच्या हातात दिली. टाळण्याची ही रीत इन्नासम्मानं दवाखान्यात पाहिली होती. लहान डॉक्टर अवघड केस मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो, आणि मोठा डॉक्टर म्हणतो, आणखी दोन दिवस पाहू.

रविवारी दृढीकरणाचा विधी झाला, फोटो झाले, हॉलमध्ये जेवणं सुरू झाली. बिशप फादरांच्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीला टेकलेले, गुडघे दुखणारे, आवाज हळू. इन्नासम्मानं त्यांच्या अंगठीला ओठ लावले आणि ती समोरच्या पायरीवर बसली. फादर सिबी खांबाला टेकून उभे राहिले.

तिनं सगळं सांगितलं. मागच्या वर्षीची संध्याकाळही सांगितली, स्वतःचा भाग न गाळता.

बिशपांनी ऐकून घेतलं. “बाई, तुमच्या मुलाचं आणि त्याच्या मित्राचं जे नातं आहे, त्याला चर्च विवाह म्हणत नाही. मलाही म्हणता येणार नाही.”

“लग्न लावा म्हणून नाई आली मी, स्वामी. मूर्ती त्याच्या घरी नेऊ का, एवढंच इचारून राह्यली.”

“मी हो म्हणालो, तर महिन्याभरात मला पन्नास पत्रं येतील. काही कुटुंबं दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जायला लागतील. जंगलातल्या गावांतून आमचे फादर विचारतील की आम्ही लोकांना काय सांगायचं. मला ही सगळी माणसं एका छताखाली ठेवायची आहेत. मी दार फार जोरात उघडलं तर चौकटच निखळेल.”

“आन मायं पोट्टं त्या छताखाली हाये का नाई?”

हॉलमधून भांड्यांचा आणि पोरांचा आवाज येत होता.

“आहे,” ते म्हणाले. “त्याचा बाप्तिस्मा या चर्चनं केला आहे. तो पुसता येत नाही.”

“मंग मी सांगते, आयका. तुमी नको म्हणलं तरी मी मूर्ती नेईन. पण मंग बिशपचं वचन मोडल्याचं पाप माया डोक्यावर यीन. म्हणून म्हणते, तुमी नको म्हणू नका. हो बी म्हणू नका वाटलं तर.”

फादर सिबींनी मान खाली घातली. बिशपांना मात्र हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, “रोझरीच्या यादीवर आजपर्यंत कधी बिशपची सही घेतली होती?”

“नाई.”

“मग या वर्षी का हवी?”

इन्नासम्माला त्यातली वाट दिसली, आणि राग आला तोही त्याच वेळी. “म्हंजे बोलणं आमी खायचं, आन तुमी वरून पाह्यचं.”

“बाई,” बिशप म्हणाले, “तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला याहून जास्त धीर असायला हवा होता. आज आहे तो एवढाच.”

तिनं परत अंगठीला ओठ लावले नाहीत. हात जोडले आणि पायऱ्या उतरली.

प्रफुलच्या खोलीत ती दोन वर्षांत तीनदाच गेली होती, तिन्ही वेळा उभ्यानं. त्या संध्याकाळी ती आत गेली तेव्हा तो जमिनीवर पंखा उघडून बसला होता. दिनेश गावाहून आणलेले बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, बारीक चिरत होता. तिनं चटई ओढली आणि बसली. प्रफुलनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“अम्मा, काय झालं? कोणी वारलं का?”

“कोणी नाई वारलं. मी बसली म्हणून कोणी मराच लागते का?”

दिनेशला हसू आलं. तिनं यादीची गोष्ट सांगितली. प्रफुलचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

“नको.”

“काऊन?”

“मागच्या वर्षी तुमी आमाले घर समजलं नाई. आता बिशपनं परवानगी देली म्हणून समजता? मले परवानगीचं घर नाई बनाचं.”

“बिशपनं परवानगी नाई देली.”

“मंग?”

“नको बी नाई म्हणला. मीच म्हणलं, म्हणू नका.”

प्रफुल तिच्याकडे पाहत राहिला. “तू बिशपले असं म्हणलं?”

“म्हणलं.” तिनं पदर सावरला. “आन मागच्या वर्षी ‘तुमी’ नाई खोडलं. शौरीनं नाई, फादरनं नाई. मी खोडलं. कोणी सांगतलंच नव्हतं मले. तुमाले दोघाईले दारात पाह्यलं आन मी गात गेली पुढं. तुले वाटत असंल समितीनं केलं. मी केलं.”

प्रफुलला हे ठाऊक नव्हतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, पुन्हा येऊन बसला. दिनेशनं चिरणं थांबवलं होतं.

“एक वर्ष मी त्या शौरीभाऊले शिव्या देऊन राह्यलो,” प्रफुल म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

“त्या मले दे. माया हायेत.”

शेवटी दिनेश म्हणाला, “मले मूर्ती पाह्यजे, प्रफुल. तुले राग हाये, तो राहू दे. माया आईच्या घरी दरसाल येत होती. मी बी या चर्चचाच हावो.” मग तो इन्नासम्माकडे वळला. त्यानं तिला थेट उद्देशून बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. “पण अम्मा, उंबऱ्यावर ठेवून पळाचं नाई. आत बसून पाचही दशकं म्हणाची. आन जेवून जायचं.”

“वास्त्याची भाजी असंल तर जेवीन,” ती म्हणाली.

पंधरा ऑक्टोबरला इन्नासम्मानं आपल्या घरून मूर्ती उचलली. आदल्या दिवशी तिच्या घरी अडतीस माणसं होती. त्या संध्याकाळी तिच्यामागे अकरा निघाली. शौरय्या आपल्या फाटकात उभा राहून मोजत होता.

“इन्नाक्का,” तो मोठ्यानं म्हणाला, “पोरापायी युनिट फोडाले निघाली का?”

“युनिट फुटत असंल तर ते मूर्तीनं नाई फुटणार, शौरी. ये मागं. तुया गळा चांगला हाये, सूर धर.”

तो आला नाही. प्रफुल आणि दिनेश उंबरठ्यावर पुढे आले आणि दोघांनी मिळून मूर्ती हातात घेतली. घेणाऱ्या घरानं पहिलं दशक म्हणायचं असतं. दिनेशनं ‘प्रणाम मरिया, कृपापूर्ण’ अशी सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज दोनदा अडखळला, मग स्थिर झाला. चौदा माणसांनी लहानशा खोलीत पाचही दशकं म्हटली. इन्नासम्मा जेवून घरी गेली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि तिनं ती पुरती ओळखली नव्हती. मूर्ती घरात नेणं तिच्या हातात होतं. घरातून पुढे जाणं नव्हतं. साडेसहा वाजता प्रफुल आणि दिनेश मूर्ती घेऊन रंभाबाईच्या दारात गेले, तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, रंभाबाई दुपारच्या बसनं लेकीकडे गोंडपिपरीला गेल्या. कधी येणार ते सांगितलं नाही. दोघं काही वेळ उभे राहिले आणि मूर्ती घेऊन परत फिरले. इन्नासम्मानं त्यांच्याच खोलीत पुन्हा माळ सुरू केली. त्या दिवशी नऊच माणसं होती.

सतरा तारखेला शौरय्या फादर सिबींना घेऊन आला. तो स्वतः बाहेर थांबला.

“इन्नाबाई,” फादर म्हणाले, “समितीचं म्हणणं आहे की मूर्ती अडकली आहे. मी ती चर्चमध्ये नेतो. उद्या शौरय्यांच्या घरून पुढे सुरू करू. कोणाचा अपमान नको, कोणाचा विजय नको.”

“न्या,” इन्नासम्मा म्हणाली. “पण फादर, साठ वर्षांत फादरनं मूर्ती उचलून नेल्याचं कोणी आयकलं नाई. देणारं घर नेते, घेणारं घर घेते. तुमी आज याईच्या घरातून उचलली, तर लोक पुढचे साठ वर्षं हेच सांगतीन की त्या घरातून मूर्ती काढून न्यावी लागली.”

फादर सिबी मूर्तीसमोर उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही. खिशातून फोन काढला आणि ते मोरीच्या दाराशी गेले. बोलणं मल्याळममध्ये होतं. ‘बिशप’ एवढाच शब्द खोलीत सगळ्यांना समजला. प्रफुल भिंतीकडे पाहत होता, जणू निकाल आधीच लागलेला आहे.

बोलणं संपवून फादर मूर्तीपाशी परत आले.

“काय म्हणले?” इन्नासम्मानं विचारलं.

“मी सांगितलं, मूर्ती तीन दिवस अडकली आहे. ते म्हणाले, अडकली कुठे आहे? एका घरात आहे.” फादरांनी फोन खिशात ठेवला. “मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, तू त्या चर्चचा फादर आहेस. रोझरीची वेळ झाली असेल तर रोझरी म्हण.”

“लेखी देतीन का?” प्रफुलनं विचारलं. प्रश्न टोचणारा होता.

“नाही,” फादर म्हणाले. “प्रफुल, मी तुला खोटं सांगणार नाही. ते लिहून देणार नाहीत. रोमचं पत्र येईल, त्यावर दुसरं पत्र येईल, आम्ही सभेत बसू, आणि कदाचित मी म्हातारा होईन तोवर एखादं वाक्य बदलेल. मला ते वाक्य बदलता येत नाही. पण मला इथे बसता येतं. मागच्या वर्षीही येत होतं.”

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि चटईवर मांडी घातली. बाहेर उभ्या असलेल्या शौरय्यानं त्या चपला पाहिल्या आणि तो निघून गेला. फादर बसले आहेत ही बातमी मात्र गल्लीत त्याच्या आधी पोचली. दुसऱ्या दशकापर्यंत खोली भरली आणि चौथ्या दशकाला माणसं बाहेर पायरीवर बसली होती. त्यांतली निम्मी फादर आले म्हणून आली होती, हे इन्नासम्माला कळत होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याला बसायला फादरचा आडोसा लागतो त्यानं तो घ्यावा, पण बसावं.

अठरा तारखेच्या दुपारी रंभाबाई गोंडपिपरीहून आल्या आणि पिशवी घरात टाकून थेट इन्नासम्माच्या स्वयंपाकघरात शिरल्या. वय सहासष्ट, जीभ तिखट. नवरा देवाजी बारा वर्षांपूर्वी खाणीत वारला होता.

“मायी पाळी खाल्ली तू,” त्या म्हणाल्या.

“कुलूप तुमी लावलं, बाई.”

“लावलं. मंग काय करू? त्या दोघाईच्या हातून घेऊ? लेक म्हणे, आई, लोक काय म्हणतीन. जावई म्हणे, या वर्षी राहू द्या.” त्या पाटावर बसल्या. “आन मंग तिथी बसून मले झोप नाई. वर्षातून एक दिवस माया घरी माणसं येतात, इन्ना. एक दिवस. देवाजी गेल्यापासून बाकी दिवस कुत्रं येत नाई माया दारात. मी पोह्याचे पापड तळून ठेवले होते चाळीस माणसाचे. डबा भरून पडले हायेत.”

“मंग आज घ्या मूर्ती.”

“घेते ना. म्हणून तर आली. तू आणून दे माया हातात. तू युनिटची प्रमुख हायेस. पोरं मागं राहू दे. कोणाले बोलाले जागा राह्यणार नाई.”

तडजोड सोपी होती. मूर्ती पुढे गेली असती, शौरय्याचं तोंड बंद झालं असतं, फादरांना हायसं वाटलं असतं. इन्नासम्मानं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि झाकण ठेवलं.

“नाई,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी मी असंच काही सोपं केलं होतं. देणारं घर देईन. तुमी त्याईच्या हातून घ्या, नाईतर आज बी माळ तिथीच म्हणू. उद्या बी तिथीच. एकतीस तारखेपर्यंत तिथीच. मी रोज जाईन. मले काम नाई दुसरं.”

“अशी जिद्द?”

“हो.”

“मी त्या गोष्टीले बरं म्हणत नाई, हे सांगून ठेवते. मरेपर्यंत म्हणणार नाई.”

“म्हणू नका. तुमाले बरं म्हणाले कोणी सांगतलं? हात पुढं करा म्हणलं.”

रंभाबाई उठल्या आणि निघून गेल्या.

साडेसहाला प्रफुल आणि दिनेश मूर्ती घेऊन निघाले. या वेळी मागे तीसेक माणसं होती. फादर सिबी मध्यावर चालत होते. शौरय्या आपल्या फाटकापर्यंत आला होता, त्याच्या पुढे नाही. रंभाबाईचं दार उघडं होतं आणि त्या उंबरठ्याच्या आत हाताची घडी घालून उभ्या होत्या. गाणं संपलं. पुढचं गाणं सुरू करण्याचं काम इन्नासम्माचं. तिनं ते केलं नाही. ती गप्प राहिली आणि तिच्यामुळे सगळेच गप्प राहिले.

मूर्ती जड होती. दिनेशच्या मनगटाची शीर दिसायला लागली. रंभाबाई मूर्तीकडे पाहत होत्या, मग त्यांनी प्रफुलकडे पाहिलं. या पोराचा जन्म कॉलनीच्या दवाखान्यात झाला तेव्हा त्या बाळंतिणीजवळ बसल्या होत्या.

“नीट धर ना बे,” त्या प्रफुलवर खेकसल्या. “पाडशील. लहानपणापासून तुया हातात काही टिकत नाई.”

त्या उंबरठा ओलांडून पुढे आल्या आणि मूर्तीखाली आपले दोन्ही हात घातले. चार हातांमधून ती दोन हातांत जायला थोडा वेळ लागला, कारण तिघंही सोडायला आणि धरायला घाबरत होते. मग रंभाबाई वळल्या आणि मूर्ती घेऊन आत गेल्या. माणसं आत शिरू लागली. प्रफुल आणि दिनेश बाहेरच थांबले होते.

“आत या,” रंभाबाईंचा आवाज आला. “देणारं घर पुढच्या ओळीत बसते. हे बी मीच सांगू का?”

दोघं आत जाऊन पहिल्या ओळीत बसले. मागच्या बाईनं आपली चटई आणखी मागे ओढली. त्यांच्यामागे एक चटईभर जागा रिकामी राहिली. इन्नासम्मानं ती पाहिली.

पहिलं दशक रंभाबाईंचं. पण त्या लगेच बसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या, पडदा बाजूला केला आणि एका घरापलीकडच्या फाटकात उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“शौरी, उद्या साडेसहाले मी तुयाकडं येऊन राह्यली. घरीच राहजो. मायी मूर्ती कोणी दारात थांबवली नाई आजवर.”

“सांगतो मी,” फाटकातून उत्तर आलं.

“सांगू नको. दार उघड.”

त्यांनी पडदा सोडला, मूर्तीसमोर बसल्या आणि माळेचा क्रूस शोधू लागल्या. फादर सिबींनी आपल्या शेजारी जागा केली. इन्नासम्मा उठली, आपली चटई उचलली आणि प्रफुलच्या मागे राहिलेल्या त्या रिकाम्या जागेत टाकली.

“करा सुरू, बाई,” ती म्हणाली.